गावात मैदान करायचंय? आधी सातबारा, मग मुरूम, झोका सगळ्यात शेवटी

आमच्या गावातली पहिली बाग एका पावसाळ्यातच संपली. बीड जिल्ह्यात केज-धारूरच्या पट्ट्यातलं गाव, काळं रान, पाण्याची बोंब ठरलेली. निधी आला म्हणून ग्रामपंचायतीनं घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ आणि ओपन जिमचे चार सांगाडे आणले, टाकीशेजारच्या मोकळ्या जागेत उभे केले, फीत कापली, पेढे वाटले. मे महिना होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची म्हातारी नातवाला घेऊन आली. पत्र्याच्या घसरगुंडीवर तिनं तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "तवाच हाय की ह्यो. लेकरू हाय का भाकर?" घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला आणि आसपास एक झाड नाही. जुलैत पाऊस लागला तशी काळी माती फुगली आणि झोक्याचा एक खांब वर आला. दिवाळीत त्याच झोक्याला कुणीतरी शेळी बांधलेली होती. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होतो. त्या ठरावावर माझीही सही आहे.

दुसऱ्यांदा केलं ते उलट्या क्रमानं, आणि ते टिकलं. खाली तोच क्रम दिला आहे.

जागा: मोकळी दिसते ती गावाची असतेच असं नाही

गावात फिरून जागांची यादी करा. गावठाणातली मोकळी जागा, जुनी खळवाड, आठवडी बाजाराचं पटांगण, गायरानाचा गावालगतचा तुकडा, शाळेचं मैदान. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये जी गावं नव्यानं वसली, त्यांच्या आराखड्यात मोकळ्या जागा मुळातच आखलेल्या होत्या. अशा गावात नवी जागा शोधण्याआधी जुना नकाशा काढा. बरेचदा मैदान कागदावर असतं आणि प्रत्यक्षात तिथं कडब्याच्या गंजी असतात.

मग कागद. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) सातबारा आणि गाव नमुना एक-ई घ्या, त्या नमुन्यात अतिक्रमणांची नोंद असते. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ (मिळकतींची नोंदवही) बघा. मराठवाड्यात आणखी एक पायरी लागते, कारण आपल्याकडचे जुने कागद निजामाच्या काळातून आलेले आहेत. आज पडीक दिसणारा तुकडा इनामाचा किंवा देवस्थानाचा निघू शकतो. म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुनं खासरा पत्रक (जमीन कुणाची होती याची जुनी नोंद) काढून बघा. खर्च थोडा आहे, हेलपाटे मात्र पडतील.

गायरानाबाबत जपून. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि राज्यानंही त्याच वर्षी त्यावर निर्णय काढला. गायरान दुसऱ्या कामाला वापरायचं तर परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते, नुसता ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. परवानगीशिवाय केलेलं मैदान उद्या तुमच्याच विरोधातला पुरावा होईल.

गाव हजाराच्या आतलं असेल तर माझं मत सरळ आहे: नवी जागा शोधू नका, शाळेचं फाटक उघडा. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात शाळेला मैदान असावं असं लिहिलेलं आहेच. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत ते गावाला वापरू द्यायचं, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घ्या आणि किल्ली कुणाकडे राहील त्याचं नाव ठरावातच लिहा. आमच्याकडे किल्ली मुख्याध्यापकांकडे होती आणि सर तालुक्याला राहत. उन्हाळ्याची सुट्टी पोरांनी भिंतीवरून उड्या मारून काढली.

जागा ठरली की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि मोजणीवाले असतानाच कोपऱ्यांवर दगड रोवा. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा मधे उघडा आड असेल तर जागा बदला, नाहीतर आडावर पक्की जाळी आधी बसवा.

ग्रामसभा, पण त्याआधी बायका आणि पोरं

कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी सह्यांवर उरकते. या कामापुरती तरी ती खरी घ्या. आमच्या सभेत बायकांनी जे सांगितलं ते कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हतं: बसायला सावलीत ओटा, लहान लेकरांचा कोपरा ओट्यावरून दिसेल असा, आणि मुतारी. शाळेत पोरांना विचारलं तर पाचवी-सहावीच्या मुलींनी एकाच सुरात खो-खो सांगितलं. कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट ही मुलांची यादी. पहाटे रस्त्यावर धावणारी पोलीस भरतीची पोरं कुणाच्याच यादीत नव्हती. मैदानाचा सगळ्यात नेमानं वापर मात्र आज तीच करतात.

ग्रामसभेच्या ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि "ही जागा कायम खेळाच्या मैदानासाठी" हे शब्द आले पाहिजेत. "सुशोभीकरण" एवढाच शब्द असेल तर पाच वर्षांनी तिथं गाळे उभे राहतात.

आखणी: फक्की मारून बघा

कागदावरच्या नकाशापेक्षा चुन्याची फक्की बरी. मापं अशी: पुरुषांची कबड्डी 13 बाय 10 मीटर, महिलांची 12 बाय 8. खो-खो 27 बाय 16. व्हॉलीबॉल 18 बाय 9, जाळीची उंची पुरुषांना 2.43 मीटर आणि महिलांना 2.24. भोवती तीन-तीन मीटर मोकळं सोडलं तर कबड्डीला तीन गुंठे आणि व्हॉलीबॉलला साडेतीन-चार गुंठे लागतात. खो-खोचं नुसतं क्रीडांगणच सव्वाचार गुंठ्यांचं आहे, थोडी मोकळीक धरून सहा पकडा. म्हणजे 13-14 गुंठ्यांत तिन्ही खेळ बसतात. पोरांना यातलं बरंचसं आधीच माहीत असतं, त्यांच्या हातात टेप द्या.

एकरभर जागा असेल तर धावपट्टीचा विचार जरूर करा. चारशे मीटरची पट्टी साधारण 177 बाय 93 मीटर जागा मागते, म्हणजे चार एकर. तो नाद सोडा. दोनशे मीटरची चार पट्ट्यांची धावपट्टी 95 बाय 45 मीटरमध्ये बसते, म्हणजे एक एकर दोन-तीन गुंठे. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं आणि मुलींना 800. आठ फेऱ्या आणि चार फेऱ्या, हिशेब जमला. पट्टीच्या पोटात कबड्डी आणि खो-खो दोन्ही मावतात. व्हॉलीबॉल बाहेर काढा, नाहीतर चेंडू सतत धावणाऱ्यांच्या पायात येतो. गोळाफेक एका कोपऱ्यात ठेवा, तोंड मैदानाच्या बाहेरच्या बाजूला. भरतीचा मुलांचा गोळा 7.26 किलोचा असतो. तो कुणाच्या डोक्यावर पडला तर मैदान कायमचं बंद होईल.

क्रिकेटला गावात जागा पुरत नाही, हे मान्य करून टाका. टेनिस बॉलवर, वेळ ठरवून.

मुरूम: पैसा इथं घाला

सगळ्यात जास्त पैसा जमिनीत जायला हवा आणि नेमका तिथंच कुणी घालत नाही, कारण मुरमासमोर फोटो चांगला येत नाही. काळी रेगाड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर तसंच काही उभं केलं की आमच्या झोक्यासारखं होतं.

वरची सहा ते नऊ इंच काळी माती जेसीबीनं काढा. ती फेकू नका, तिचा उपयोग पुढं येतो आहे. खालचा थर पाणी मारून रोलरनं दाबा. मग मुरूम. गणित सोपं आहे: गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. सहा इंचाच्या थराला 544 घनफूट, म्हणजे साडेपाच ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). दबाईनंतर तो बसतो, म्हणून गुंठ्याला सात ब्रास धरा. 14 गुंठ्यांना 98 ब्रास. ठेकेदार साठ म्हणाला तर काय करणार आहे ते तुम्हाला कळलं. ट्रॉली मोजायला गावातला एक रिकामा म्हातारा बसवा, वही-पेन द्या. आमच्याकडे आबांनी भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या होत्या आणि मोजमाप पुस्तिका लिहायला आलेल्या अभियंत्यालाही त्या रेघा मान्य कराव्या लागल्या. मुरूम उचलण्याआधी तहसीलदारांची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची पावती हवी, नाहीतर ट्रॅक्टर जप्त होतो.

मुरूम एकदम टाकून दाबू नका. तीन-तीन इंचाचे दोन थर, प्रत्येकावर पाणी आणि रोलर. कबड्डी-खो-खोच्या जागी वरून दोन इंच चाळलेला मऊ मुरूम घाला, कारण पोरं अनवाणी खेळतात आणि खडे गुडघ्यात घुसतात. (गढीची पांढरी माती उकरून आणायची कल्पना कुणीतरी काढेलच. गढीला मालक असतो, आणि भांडणंही.) उतार शंभर फुटाला एक फूट, मधून कडेला. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, गवंडी काढतो तशी. कडेला चर घ्या आणि पाणी नाल्याला किंवा झाडांच्या रांगेकडे वळवा.

हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. मग एक पावसाळा जाऊ द्या, जमीन जिथं बसायची तिथं बसेल. तेवढे भाग पुन्हा भरायचे. खेळणी दिवाळीनंतर. "उद्घाटन कधी?" असं रोज विचारतील, विचारू द्या.

काढलेल्या काळ्या मातीचं काय? तिचा लहान मुलांच्या कोपऱ्यात चार-साडेचार फुटांचा ढीग करा, दाबा, वरून मुरमाचा थर द्या, हरळी लावा. घसरगुंडी त्या ढिगाच्या उत्तरेच्या उतारावरच टेकवून बसवा, चढायला दुसऱ्या बाजूनं दगडी पायऱ्या. उत्तरेकडे तोंड असल्यानं पत्रा कमी तापतो, आणि पोरगं कडेनं पडलं तरी मातीवरच पडतं. पहिल्या घसरगुंडीचाच पत्रा आम्ही असा पुन्हा वापरला.

झाडं: लावणारे शंभर, पाणी घालणारा एक

सावली पश्चिमेला आणि दक्षिणेला हवी, दुपारचं ऊन तिकडून येतं. कडुनिंब आणि करंज हे आपले भरवशाचे. करंजाला जनावर सहसा तोंड लावत नाही. चिंच कडेला. वड-पिंपळ पारापाशी, मैदानाच्या आत नको, मुळ्या धावपट्टी उचलतात. गुलमोहर फुलला की देखणा, पण वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून पडतात. सीताफळ आणि बोर कुंपणालगत लावा. कच्ची फळं तोडतील म्हणून ओरडू नका, त्यासाठीच ती लावायची.

कण्हेर, पिवळी बिट्टी, धोत्रा आणि एरंड मैदानात नको. आपण सगळे लहानपणी बिट्ट्या खेळलो हे खरं, पण ती बी विषारी आहे आणि दोन वर्षांचं लेकरू ती तोंडात घालतं. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं, हातात पिशवी घालून.

खड्डे एप्रिल-मेमध्ये दोन बाय दोन बाय दोन फुटांचे घ्या आणि तापू द्या. तलावातला गाळ मिळाला तर तो इथं खड्ड्यात घाला, मैदानावर नको. मृगानंतर चांगली ओल झाली की पाच-सहा फुटांची रोपं लावा. वीतभर रोपं फुकट मिळतात आणि फुकटच जातात.

आता पाण्याचा हिशेब. एका रोपाला आठवड्यातून दोनदा 15 लिटर, शंभर रोपांना आठवड्याला 3000 लिटर. पाच हजारी टँकर धरला तर पाच आठवड्यांत तीन खेपा, आणि हे जानेवारी ते जून, किमान तीन उन्हाळे. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात शंभर झाडांचा हट्ट कशाला? पंचवीस लावा आणि पंचवीसही जगवा. रोपाशेजारी तळाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा, पाणी निम्म्यावर येतं. नळकोंडाळ्याचं सांडपाणी चरातून इकडं आणता आलं तर उत्तम. आरओ प्लांटचं सोडून दिलेलं पाणी खारट असतं, रोज घातलं तर जमीन चोपण म्हणजे कडक आणि नापीक होते.

पाणी घालणाऱ्या माणसाचं नाव ठरवताना एक गोष्ट बघा. बीड जिल्ह्यातली आणि आसपासची निम्मी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. रोपं मरतात ती याच महिन्यांत. तेव्हा जो कारखान्याला जात नाही, असाच माणूस धरा.

झाडं मोठी होईपर्यंत लहान मुलांच्या कोपऱ्यावर लोखंडी अँगलवर शेडनेट ताणा. जागेत आधीच एखादं मोठं झाड असेल तर आखणीची सुरुवात त्याच्यापासून करा.

खेळणी: तालुक्यातला वेल्डर गाठा

रंगीत पुस्तिकेतली खेळणी दिसायला छान, पण मोडलं की सुटा भाग मिळत नाही. आम्ही दुसऱ्या वेळी तालुक्याच्या वेल्डरकडून जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपात करून घेतली. त्याचं दुकान अर्ध्या तासावर आहे, हे त्या खेळण्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. त्याला एवढं सांगा: पाइपांची तोंडं बंद, वेल्डिंग घासून गुळगुळीत, आणि 9 ते 23 सेंटीमीटरमधली एकही फट नको. तेवढ्या फटीत लेकराचं धड जातं आणि डोकं अडकतं.

झोक्याच्या एका चौकटीत दोनच बैठका, त्याही रबरी पट्ट्याच्या. लाकडी फळी समोरून जाणाऱ्या पोराच्या कपाळावर बसते. चौकट आठ फूट उंच असेल तर पुढं 16 आणि मागं 16 फूट मोकळं सोडा. इतर खेळण्यांभोवती सहा फूट. खाली फूटभर वाळू हवी. वाळू महाग आहे, म्हणूनच खेळणी कमी आणि बुटकी ठेवा. खांबाचा खड्डा तीन फूट, तळाशी मुरूम दाबून मग काँक्रीट, आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या खाली. ट्रॅक्टरचे जुने टायर अर्धे पुरले की पोरं तासन्‌तास त्यावरून उड्या मारतात. टायरला खाली भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डास होतात.

ओपन जिमबद्दल माझं मत वाईट आहे. बेअरिंग सुकतात, लहान पोरं त्यात बोटं घालतात, आणि मोठी माणसं शेतात दिवसभर राबून आलेली असतात. त्याच पैशात दोन डबल बार आणि एक पुल-अपचा बार करा, भरतीची पोरं दुवा देतील.

कुंपण तारेचं चालेल, पण फाटक नागमोडी ठेवा, माणूस आत जाईल आणि म्हैस नाही. शेजारी रुंद फाटक हवंच, चाकाच्या खुर्चीला आणि रोलरला.

मुलींची वेळ

पहिल्या महिन्यात मैदान मुलांनी व्यापलं आणि मुली कठड्यावर बसून बघत राहिल्या. खो-खोत 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवचीच, स्टीपलचेसचा (अडथळ्यांच्या शर्यतीचा) अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. नावं घ्यायला आपल्याला आवडतात, पण पाच वाजता खो-खोची जागा कुणी अडवली की "जाऊ द्या, पोरं आहेत" म्हणतो. आम्ही भिंतीवर रंगवलं: रोज 5 ते 6.30, खो-खोची जागा मुलींची. दोन आठवडे शाळेतल्या मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. मग सवय लागली. कडेची झुडपं कमरेच्या खाली छाटा, मैदान रस्त्यावरून आरपार दिसलं पाहिजे. घनवनाची (दाट लावलेल्या झाडीची) हौस असेल तर ते लांबच्या टोकाला.

पैसा

मैदान ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलंच पाहिजे, तिथं ओळ नसेल तर निधी असूनही खर्च होत नाही. पंधराव्या वित्त आयोगात 2025-26 पर्यंत 60 टक्के रक्कम पाणी-स्वच्छतेला बांधलेली होती, मैदानासाठी वाट होती ती अबंधित 40 टक्क्यांतून. रोजगार हमीच्या कामांत खेळाचं मैदान बसत आलेलं आहे, सपाटीकरण आणि चर त्यातून मागा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदानाचा प्रस्ताव द्या, त्याला जागेचा उतारा लागतोच. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला 10 टक्के महिला-बालकल्याणाचा आणि 5 टक्के दिव्यांगांचा हिस्सा कुठं जातो हेही ग्रामसभेत विचारा. बाळांचा कोपरा आणि रॅम्प त्यात मागता येतो.

देखभालीला मात्र कुठलीच योजना पैसे देत नाही, ते घरपट्टीतूनच येणार. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्याला दळण फुकट मिळायचं. तेवढं जमलं नाही तरी घरपट्टीच्या पावतीवर मैदानाचा वेगळा शिक्का मारून बघा, लोक विचारायला लागतात.

मांडव, सोयाबीन आणि ग्रीस

लग्नाचा मांडव मैदानात टाकायला लोक येणारच. सरसकट नाही म्हटलं तर भांडण, हो म्हटलं तर धावपट्टीत खुंट्या. आम्ही फक्त बाहेरची व्हॉलीबॉलची बाजू देतो, अनामत घेतो आणि खड्डे बुजवल्यावर परत करतो. सुगीत सोयाबीन वाळवायला हीच सपाट जागा सगळ्यांना दिसते. त्याला पंधरा दिवस ठरवून दिले आहेत, ताडपत्रीवर, एका कडेला.

दर अमावस्येला (तारीख विसरते, अमावस्या विसरत नाही) एक जण पाना, ग्रीसचा डबा आणि वही घेऊन फिरतो. झोक्याची कडी झिजून अर्धी झाली की बदलायची, पुढच्या महिन्यावर ढकलायची नाही. वाळू दाताळ्यानं खालीवर करायची, काचा आणि मांजराची घाण निघते. नट आवळायचे, फाटलेलं शेडनेट शिवायचं, आणि जे मोडलं आहे ते त्याच दिवशी दोरीनं बांधून बंद करायचं, म्हणजे वेल्डर येईपर्यंत कुणी त्यावर चढत नाही. वही नमुना आठच्या कपाटात ठेवली आहे. दाताळं मात्र दोनदा चोरीला गेलं. आता ते आबांच्या ओसरीवर असतं.